अर्धशिशीच्या रुग्णाचा जबडाही तपासला जावा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, रायगड, आणि
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा सामान्य रुग्णालय, अलिबाग

विषय : वारंवार उठणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांमध्ये जबड्याच्या सांध्याची तपासणी नेमाने होण्याबाबत



पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरपायथ्याच्या गावांत, गागोदे बुद्रुकसारख्या ठिकाणी, महिन्यातून चारदोन वेळा अर्ध्या डोक्यात ठणका उठणाऱ्या रुग्णाची वाट साधारणपणे ठरलेली असते : आधी घरीच सुंठ उगाळून कपाळाला लेप, मग किराणा दुकानातली गोळी, मग उपकेंद्र, तेथून चष्म्याचा नंबर पाहून घेण्याचा सल्ला, कधी सायनसची शंका, उलटी होऊन बरे वाटते म्हणून कधी 'पित्त' असे निदान, आणि अखेरीस दुखणे अंगवळणी पाडून घेण्याची शिकवण. या सबंध वाटेवर रुग्णाच्या कानापुढे, जेथे खालचा जबडा कवटीला जोडलेला असतो तेथे, कोणी बोट ठेवून पाहिले असे क्वचितच घडते. या पत्रातील विनंती त्या एका कृतीविषयी आहे. तिला लागणारे मनुष्यबळ जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेत आजच आहे आणि तिच्यामागचे वैद्यकीय कारण पुरेसे भक्कम आहे, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने मांडले आहे.

डोकेदुखी हा किरकोळ विषय नव्हे, हे आधी सांगणे भाग आहे. २०१९ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार भारतात अर्धशिशी किंवा ताणजन्य डोकेदुखी यांपैकी काही ना काही असलेल्यांची संख्या सुमारे ४८ कोटी ८० लाख होती. शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा लोकांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. त्यातही स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त, आणि खेड्यांत शहरांहून जास्त निघाले. अर्धशिशी म्हणजे शहरी, शिकलेल्या, संगणकापुढे बसणाऱ्या माणसांचा आजार ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही. जी स्त्री पहाटे चुलीपुढे बसते, पाण्याचा हंडा किंवा लाकडांची मोळी डोक्यावरून आणते आणि पावसाळ्यात वाकून भात लावते, तिच्या डोक्यातला ठणका मोजणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो, कारण ती त्यासाठी दवाखान्यात येतच नाही. आली तरी दुसऱ्याच कोणत्या तक्रारीसाठी येते आणि डोक्याचे जाता जाता सांगते.

अर्धशिशी, म्हणजे वैद्यकातील मायग्रेन, ही मेंदूच्या वेदनाव्यवस्थेची अंगभूत संवेदनशीलता आहे. उपचाराविना तिचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. बहुधा एका बाजूला, नाडीसारखा ठणकतो, चालण्याबोलण्याने वाढतो, आणि सोबत मळमळ किंवा उलटी येते अथवा उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होतात. महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस डोके दुखू लागले, असे तीन महिन्यांहून जास्त चालले आणि त्यांपैकी किमान ८ दिवस दुखणे अर्धशिशीच्या लक्षणांचे असले, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. अधूनमधून येणारी अर्धशिशी जुनाट कशामुळे होते, हा वैद्यकापुढचा मोठा प्रश्न आहे. आणि जबड्याचा संबंध आजार उत्पन्न होण्यापेक्षा त्याच्या या वाढण्याशी अधिक येतो.

जबड्याचा सांधा दोन्ही कानांच्या किंचित पुढे असतो. खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसते आणि दोहोंच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी जागच्या जागी फिरते आणि नंतर चकतीसह पुढे घसरते. फिरणे आणि घसरणे या दोन्ही हालचाली करणारा, शिवाय दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराशिवाय हलूच न शकणारा असा हा सांधा आहे. चकती जागेवरून सरकली की तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो, आणि कधी ती वाटेतच अडकून बसते व तोंड पुरते उघडत नाही. तथापि जबड्याच्या दुखण्यांपैकी मोठा भाग सांध्याच्या आतला नसतो, तो स्नायूंचा असतो : गालावरचा चर्वणस्नायू, कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला शंखस्नायू, आणि आतल्या बाजूचे दोन छोटे स्नायू. झोपेत दात खाणे, कामात गुंतले असता नकळत दात आवळून धरणे, दाढा पडल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच बाजूने चावणे आणि तोंडात सतत सुपारी ठेवणे यांनी हे स्नायू थकतात व दुखू लागतात. नुसता आवाज येतो पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडते, अशा माणसाला उपचाराची गरज नसते. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण असा आवाज अनेक निरोगी माणसांच्या जबड्यातही येतो.

आता अर्धशिशी आणि जबडा या दोहोंचा सांधा कोठे जुळतो ते पाहू. चेहरा, दात, जबड्याचा सांधा, चावण्याचे स्नायू आणि मेंदूवरची आवरणे या सर्वांची वेदना वाहून नेणारा मज्जातंतू एकच आहे : मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवा, ज्याला तीन शाखा असल्याने त्रिधारा म्हणता येईल. पहिली शाखा कपाळ, डोळा आणि मेंदूच्या आवरणांचा मोठा भाग सांभाळते, दुसरी गाल व वरचे दात, आणि तिसरी खालचा जबडा, त्याचा सांधा व चावण्याचे स्नायू. या तिन्ही शाखा मेंदूच्या देठातील एका लांबट केंद्रात येऊन मिळतात आणि त्याच केंद्राच्या खालच्या टोकाला मानेचे वरचे मज्जातंतूही येतात. तीन पाटांचे पाणी एका कुंडात पडल्यावर कोणते पाणी कोणत्या पाटाचे हे जसे सांगता येत नाही, तसे या केंद्रातील पेशींना आलेली वेदना जबड्याची, मानेची की मेंदूच्या आवरणाची हे नेमके वेगळे करता येत नाही. म्हणून जबड्याच्या स्नायूतली कळ कानशिलात जाणवते, आणि उलट अर्धशिशीची कळ दाढेत किंवा गालात जाणवते. दुखते आहे म्हणून चांगल्या दाढा काढल्या गेल्या आणि दुखणे तसेच राहिले, असे जे घडते त्याच्या मुळाशी अनेकदा ही फसगत असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एखाद्या केंद्रावर वेदनेचे संदेश महिनोन्महिने आदळत राहिले की त्याच्या पेशी अधिकाधिक हळव्या होतात, थोड्याशा उद्दीपनाने पेटू लागतात, आणि जे एरवी दुखायला नको तेही दुखू लागते. केस विंचरताना टाळू दुखणे, कुशीवर झोपले असता उशीचा स्पर्श न सोसणे ही त्याची घरगुती लक्षणे आहेत. याला मध्यवर्ती संवेदनवृद्धी म्हणतात. ज्याच्या मेंदूत अर्धशिशीची प्रवृत्ती मुळातच आहे त्याच्या जबड्यातून रोज वेदनेचा ओघ येत राहिला, तर झटका येण्यासाठी लागणारा उंबरठा खाली येतो. आणि ज्याला वारंवार झटके येतात त्याचे जबड्याचे स्नायूही त्याच हळवेपणामुळे दुखू लागतात. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या 'ऑपेरा' या दीर्घकालीन अभ्यासात ज्यांना आधीपासून डोकेदुखी होती त्यांना पुढे जबड्याचे दुखणे जडण्याची शक्यता जास्त दिसली, आणि ज्यांना जबड्याचे दुखणे जडले त्यांची डोकेदुखीही वाढलेली आढळली. संबंध असा दोन्ही दिशांनी चालतो. जबडा हे अर्धशिशीचे कारण आहे असे म्हणणे चूक, आणि जबड्याचा तिच्याशी काही संबंध नाही असे समजून त्याकडे पाठ फिरवणेही चूकच.

या विषयाच्या इतिहासात अतिरेक भरपूर झाला आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मागच्या दाढा पडलेल्या काही रुग्णांच्या कानाच्या व डोक्याच्या तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. त्यांचे निरीक्षण मोलाचे होते, पण त्यांनी दिलेले शारीररचनेचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. तरीही त्याच्या आधाराने दात घासून, चढवून किंवा सरकवून डोकेदुखी बरी करण्याचे प्रयोग अनेक दशके चालले. असे परत न फिरवता येणारे उपचार आज समर्थनीय मानले जात नाहीत. २०२३ च्या अखेरीस 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी ठाम शिफारस केली ती साध्या उपायांची : आजार समजावून सांगणे व धीर देणे, जबड्याचे व मानेचे देखरेखीखाली व्यायाम, दुखऱ्या गाठींवर हाताने दाब देण्याचे उपचार, आणि वेदनेकडे पाहण्याची व वागण्याची रीत बदलणारे मानसोपचार. दातांवर रात्री बसवायच्या पट्टीच्या बाजूने मात्र या सूचनांनी कौल दिला नाही. दुसरीकडे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका प्रयोगात अर्धशिशी आणि जबड्याचे दुखणे अशी दोन्ही असलेल्या स्त्रियांना प्रोप्रॅनोलॉल हे अर्धशिशी-प्रतिबंधक औषध व दातांची पट्टी निरनिराळ्या जोड्यांत देण्यात आली, तेव्हा उपचारक्रम पूर्ण करणाऱ्या स्त्रियांपुरते पाहता दोन्ही आजारांवर एकाच वेळी उपचार झालेल्या गटातच अर्धशिशी ठळकपणे कमी झाली. प्रयोग लहान होता, त्याच्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. परंतु दोन दुखणी एकत्र नांदत असतील तर दोहोंकडे पाहावे, ही त्याची दिशा शरीरक्रियेच्या ज्ञानाशी जुळणारी आहे. दातांची पट्टी खेड्यापाड्यांत पोचवणे अवघड आहे, पण शिफारशीतले साधे उपाय पोचवणे अवघड नाही, आणि सुदैवाने तेच अधिक उपयोगी ठरले आहेत.

तपासणी कशी करायची हे येथे तपशिलाने सांगणे आवश्यक वाटते, कारण ती किती सोपी आहे हे पाहिल्याशिवाय तिची मागणी अवाजवी वाटू शकेल. रुग्णाला खुर्चीवर ताठ बसवून समोरून त्याच्या दोन्ही कानांपुढे एकेक बोट टेकवायचे आणि तोंड सावकाश उघडायला व मिटायला सांगायचे. बोटाखाली सांध्याचे टोक पुढे सरकताना जाणवते. ते दोन्हीकडे सारखे सरकते का, हनुवटी एका बाजूला वळते का, आवाज येतो का, दुखते का, एवढे पाहायचे. मग रुग्णाला स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका अशी तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगायचे. निरोगी प्रौढाचे तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडते आणि त्यात ही तीन बोटे मावतात. त्यानंतर रुग्णाला क्षणभर दात आवळायला सांगितले की गालावरचा व कानशिलावरचा स्नायू टणक होऊन हाताला लागतो. दात सैल सोडायला सांगून त्या जागांवर बोटाने सुमारे एक किलो वजनाइतका दाब दोन सेकंद द्यायचा. एक किलो म्हणजे किती हे बोटाला शिकवण्यासाठी उपकेंद्रातला तान्ह्या बाळांचा वजनकाटा पुरतो : काट्यावर बोट दाबून आकडा एक किलोवर स्थिर ठेवण्याचा सराव दहापंधरा वेळा केला की हात बसतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न दाब देताना विचारायचा असतो. नुसते 'दुखते का?' हे पुरेसे नाही, कारण जोराने दाबले तर कोणालाही दुखेल. 'तुम्हाला नेहमी उठते ती डोकेदुखी हीच का?' असे विचारायचे. कानशील दाबताना किंवा तोंड पूर्ण उघडताना रुग्णाची ओळखीची डोकेदुखी उमटली, आणि चावताना, जांभई देताना किंवा दात आवळल्यावर ती बदलते असे त्याने सांगितले, तर जबड्याच्या दुखण्यातून आलेल्या डोकेदुखीचे निदान करण्यास आधार मिळतो. २०१४ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकषही याच प्रश्नावर उभे आहेत. हे सारे मिनिटाभराचे काम आहे.

या तपासणीशी जुळणारा एक प्रश्न आशा स्वयंसेविका आजही विचारतात, ही बाब आपल्या दोन्ही कार्यालयांच्या विशेष लक्षात आणून देणे हाही या पत्राचा हेतू आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा जो 'सीबॅक' फॉर्म घरोघरी भरला जातो, त्यात तोंड उघडताना त्रास होतो का अशी विचारणा असते. ती मुखकर्करोगासाठी आहे आणि रास्त आहे. सुपारी व गुटख्याने तोंडाच्या आतले अस्तर कडक होऊन तोंड आवळत जाण्याचा जो सबम्यूकस फायब्रोसिस हा आजार होतो, तो कर्करोगाची पूर्वावस्था ठरू शकतो, आणि २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी असली तरी सुपारी सुटलेली नाही. परंतु या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या ज्या व्यक्तीच्या तोंडाचे अस्तर मऊ व गुलाबी आहे, जिला तिखट लागले तरी आग होत नाही, आणि जिचा त्रास कानापुढच्या कळेचा आहे, तिचे पुढे काय करायचे हे फॉर्म सांगत नाही. कर्करोग नाही म्हणून तिला घरी पाठवले जाते, आणि तिची डोकेदुखी त्या फॉर्मवर कोठेच उमटत नाही. 'हो' असे उत्तर आल्यावर 'महिन्यातून किती दिवस डोके दुखते?' हा एकच प्रश्न जोडला, तर दोन तुटलेली टोके एका कागदावर येतील.

काही लक्षणांना मात्र या साऱ्यातून वगळून तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते, आणि प्रशिक्षणात ती आधी शिकवली पाहिजेत. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, सोबत घास चावताना जबडा थकून दुखणे व कानशील हुळहुळणे, हे कानशिलाच्या धमनीच्या दाहाचे चिन्ह असू शकते. त्यात दृष्टी कायमची जाण्याचा धोका असल्याने उपचाराला एका दिवसाचाही विलंब परवडत नाही. शेतातल्या जखमेनंतर जबडा आवळत गेला तर धनुर्वाताचा विचार आधी करावा. श्रम करताना छातीबरोबर जबड्यात येणारी कळ हृदयाची असू शकते. अचानक, क्षणार्धात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप व मान आखडणे, हातपाय लुळे पडणे ही चिन्हे सर्वांना ठाऊक आहेतच.

गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. त्यांनी पुढे आपल्या आठवणी सांगताना लहान वयातील असह्य डोकेदुखीचा उल्लेख केला आहे, आणि आपण म्हणजे ही वेदना नव्हे, हे डोकेही नव्हे, असे स्वतःला निक्षून बजावत ती सोसल्याचे सांगितले आहे. ती डोकेदुखी कोणत्या प्रकारची होती हे आज ठरवता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. वेदनेकडे तटस्थपणे पाहता आले तर तिची पकड सैल होते, हा त्यांचा अनुभव आजच्या मानसोपचाराला परका नाही, आणि वर सांगितलेल्या शिफारशींत त्याला मानाचे स्थान आहे. परंतु त्यांनी ती साधना स्वतः निवडली होती. त्याच मातीतल्या कष्टकरी बाईला उपचार न मिळाल्यामुळे सोसावे लागते, तेव्हा त्या सोसण्याला साधना म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. विनोबांच्या जयंतीदिनी गावात डोकेदुखी व जबडा तपासणीचे शिबिर दरवर्षी भरवले गेले, तर त्या दिवसाला शोभणारेच काम होईल.

निदान झाल्यावर द्यायचा सल्लाही अवघड नाही. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. वरचे व खालचे दात एकमेकांना लागण्याचे प्रसंग चावणे आणि गिळणे एवढेच असावेत. ही गोष्ट सांगितल्यावर अनेकांना प्रथमच जाणवते की आपले दात दिवसभर आवळलेले असतात. पेण परिसरातील गणपतीच्या कारखान्यांत मान खाली घालून डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरांना, विशेषतः सणाआधीच्या जागरणाच्या दिवसांत, ही सूचना फार उपयोगी पडेल. एकाग्रतेच्या कामात दात आवळले जाणे आणि मान आखडणे हे बरोबरच येते. दुखऱ्या दिवसांत गालावर ओला शेक, जांभई देताना हनुवटीखाली हाताचा आधार आणि सुपारी पूर्ण बंद. आहारात फारसा बदल लागत नाही, कारण इथला रोजचा भात, आमटी आणि तांदळाची मऊ भाकरी हे जबड्याला मानवणारेच जेवण आहे.

औषधांच्या बाबतीत एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. साधी वेदनाशामके महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली गेली तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढते. दुकानातल्या सुट्या गोळ्यांवर वर्षे काढणाऱ्यांमध्ये ही अवस्था ओळखणे हेच निम्मे निदान असते. वारंवार झटके येणाऱ्यांना वेदनाशामकापेक्षा प्रतिबंधक औषधाची गरज असते; प्रोप्रॅनोलॉल व अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही दोन्ही जुनी, स्वस्त औषधे आहेत, आणि ती कोणाला द्यावीत व कोणाला देऊ नयेत (दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही) हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी जाणतात. रुग्णाने महिनाभर साध्या दिनदर्शिकेवर डोकेदुखीच्या दिवशी एक खूण आणि गोळी घेतल्याच्या दिवशी दुसरी खूण केली, तरी अधिकाऱ्यापुढे निर्णयाला पुरेशी माहिती येते. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही हे जमते.

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत मौखिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य ही दोन्ही अंगे धरलेली आहेत, दूरस्थ सल्ल्यासाठी ई-संजीवनी आहे, आणि याच जिल्ह्यात खारघर व कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत, जेथील शिक्षकांकडून समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ही तपासणी एका दिवसात शिकवून घेता येईल. पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात जबड्याच्या रुग्णाला दंतचिकित्सक व वैद्यकीय अधिकारी यांनी एकाच दिवशी पाहावे, म्हणजे गावाहून एसटीने आलेल्या माणसाची दुसरी मजुरी बुडणार नाही. उपकेंद्राच्या नोंदवहीत डोकेदुखीच्या रुग्णापुढे 'तोंड किती बोटे उघडते' आणि 'दाबल्यावर ओळखीची डोकेदुखी उठते का' असे दोन रकाने वाढवावेत. या कशालाही स्वतंत्र निधी लागत नाही. लागतो तो लेखी आदेश, आणि तो दोन्ही कार्यालयांच्या संयुक्त सहीने निघावा, कारण उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे आहे आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.